शाळेचे वेळापत्रक संगणकावर कसे बसवावे

पाचवी ते दहावीच्या प्रत्येकी तीन तुकड्या असलेली एक माध्यमिक शाळा डोळ्यांसमोर आणावी. सोमवार ते शुक्रवार रोज आठ आणि शनिवारी सकाळच्या सत्रात पाच अशा आठवड्याच्या ४५ तासिका, १८ तुकड्या, २७ शिक्षक, एक विज्ञान प्रयोगशाळा, एक संगणक कक्ष आणि एक मैदान. म्हणजे वेळापत्रकाच्या मोठ्या तक्त्यात ८१० चौकटी भरायच्या आहेत, आणि त्या अशा रीतीने की कोणत्याही शिक्षकाला एकाच वेळी दोन वर्गांवर जावे लागू नये आणि कोणताही वर्ग शिक्षकाविना राहू नये. बहुतेक शाळांत हे काम दर जूनमध्ये पर्यवेक्षक किंवा एखादे अनुभवी सहशिक्षक पेन्सिल आणि खोडरबर घेऊन करतात. मी ते आधी तक्त्यावर आणि नंतर बरीच वर्षे संगणकावर केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, संगणक तास बसवतो तो वेळ या कामाचा सर्वांत लहान भाग असतो. कस लागतो तो त्याआधीच्या मोजणीत आणि अटी नेमक्या शब्दांत मांडण्यात. म्हणून या लेखात सॉफ्टवेअरच्या खिडक्यांपेक्षा मोजणीला जास्त जागा दिली आहे.

अडचण नेमकी कुठे असते

वेळापत्रक अवघड का जाते, याचे उत्तर गणिताने बऱ्यापैकी स्पष्ट दिले आहे. हंगेरीचे गणिती डेनेश क्योनिग यांनी १९१६ साली सिद्ध केलेला एक सिद्धांत आपल्या भाषेत असा सांगता येईल: फक्त शिक्षक आणि तुकड्या एवढेच विचारात घेतले, दुसरी कोणतीही अट घातली नाही, आणि कोणत्याही शिक्षकाच्या किंवा तुकडीच्या वाट्याला आठवड्याच्या ४५ पेक्षा जास्त तासिका येत नसतील, तर वेळापत्रक हमखास बसते. एवढ्यापुरता प्रश्न सोपा आहे, आणि तो सोडवण्याच्या जलद रीतीही उपलब्ध आहेत.

पुढे १९७६ मध्ये शिमॉन ईव्हन, अलोन इताई आणि आदी शमीर (आरएसए या सांकेतिक पद्धतीतला ‘एस’ तो यांचाच) यांनी दाखवले की, शिक्षक काही ठरावीक वेळांनाच उपलब्ध आहेत एवढी एकच अट वाढली की प्रश्नाचा स्वभावच बदलतो आणि ज्यांच्यासाठी सर्व परिस्थितींत जलद चालणारी रीत कोणालाही सापडलेली नाही अशा प्रश्नांच्या वर्गात तो जाऊन बसतो. शाळेच्या भाषेत सांगायचे तर ‘अर्धवेळ सर सोमवार ते बुधवारच येतील’ हे वाक्य दिसायला साधे असते, पण वेळापत्रकाचा सारा त्रास त्याच जातीच्या वाक्यांत साठलेला असतो. त्यामुळे असे प्रत्येक वाक्य लिहून घ्यावे, पडताळून घ्यावे आणि खरोखर तसेच आहे याची खात्री झाल्यावरच संगणकात भरावे.

या विषयावर सातत्याने संशोधन होत आले आहे. संगणकाने वेळापत्रक करण्याच्या सिद्धांताला आणि व्यवहाराला वाहिलेली ‘पटाट’ ही परिषद १९९५ मध्ये एडिंबरो येथे प्रथम भरली. त्यानंतर २००२, २००७, २०११ आणि २०१९ या वर्षांच्या आंतरराष्ट्रीय वेळापत्रक स्पर्धा झाल्या. त्यांपैकी २०११ ची स्पर्धा माध्यमिक शाळांच्या वेळापत्रकांवर होती. या स्पर्धांपैकी काहींमध्ये खऱ्या संस्थांची माहिती वापरली गेल्यामुळे संशोधक आणि प्रत्यक्ष वेळापत्रक करणारे यांच्यातले अंतर कमी झाले. आज मोफत मिळणारी साधने शाळेच्या आकाराचा प्रश्न साध्या संगणकावरही सोडवू शकतात, परंतु त्यासाठी तो प्रश्न मुळात सुटण्याजोगा असावा लागतो. तो तसा आहे की नाही हे कागदावरच पाहावे.

आधी मोजणी

पहिली मोजणी तुकडीची. प्रत्येक तुकडीच्या सर्व विषयांच्या तासिकांची बेरीज बरोबर ४५ यावी. ४४ आली तर एक चौकट रिकामी राहील आणि ४६ आली तर काहीच बसणार नाही. ही चूक क्षुल्लक वाटते, पण कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांच्या तासिका इयत्तेनुसार बदलतात आणि मागच्या वर्षीचा तक्ता तसाच उतरवताना ती हमखास होते.

दुसरी मोजणी शिक्षकांच्या कार्यभाराची, आणि इथे एक गोष्ट सहज सुटून जाते. तुकड्यांच्या चौकटी ८१० असल्या तरी शिक्षकांच्या तासिका तेवढ्याच नसतात. आठवी ते दहावीच्या नऊ तुकड्यांचे विज्ञानाच्या प्रात्यक्षिकासाठी दोन गट पाडले आहेत, आणि एक गट प्रयोगशाळेत असताना दुसरा संगणक कक्षात जातो, असे समजा. प्रत्येक तुकडीला दोन जोडतास, म्हणजे चार तासिका लागतात. नऊ तुकड्यांच्या ३६ तासिका झाल्या, आणि त्या प्रत्येक तासिकेला एकाऐवजी दोन शिक्षक गुंतले. म्हणजे ३६ तासिका वाढल्या. याच इयत्तांमध्ये काही विद्यार्थी पूर्ण हिंदी घेतात आणि काही संयुक्त हिंदी-संस्कृत. आठवड्यातल्या तीन तासिकांना संस्कृतचे विद्यार्थी इयत्तेच्या तिन्ही तुकड्यांतून उठून एका वर्गात येत असतील, तर त्या वेळी हिंदीचे तीन आणि संस्कृतचे एक असे चार शिक्षक एकाच वेळी लागतात. तीन इयत्तांच्या मिळून आणखी नऊ तासिका वाढल्या. एकूण ८५५. त्यांना २७ ने भागल्यास सरासरी ३२ च्या आसपास येते. मुख्याध्यापकांनी ‘प्रत्येकी तीस’ असे मनाशी धरून विषयवाटप केले असेल, तर या ४५ तासिका कोणाच्या खात्यात जाणार हे वेळापत्रकाच्या आधी ठरले पाहिजे.

तिसरी मोजणी खोल्यांची. इथे नुसती बेरीज पुरत नाही. प्रयोगशाळेचेच उदाहरण घेऊ. नऊ तुकड्या आणि प्रत्येकी दोन गट म्हणजे १८ जोडतास, अर्थात ३६ तासिका. प्रयोगशाळा आठवड्यातून ४५ तासिका उघडी असते, म्हणजे नऊ तासिका शिल्लक राहून काम सहज भागायला हवे. आता सुट्ट्या कुठे पडतात ते पाहा. लहान सुट्टी दुसऱ्या तासानंतर आणि मोठी सुट्टी पाचव्या तासानंतर असेल, तर दिवसाचे दोन, तीन आणि तीन तासांचे तुकडे पडतात. मांडलेला प्रयोग सुट्टीसाठी अर्ध्यावर सोडता येत नाही, म्हणून जोडतास सुट्टी ओलांडू शकत नाही. त्यामुळे प्रत्येक तुकड्यात एकच जोडतास बसतो आणि तीन तासांच्या तुकड्यांतला एकेक तास सुटा उरतो. दिवसाला तीन, पाच दिवसांचे १५. शनिवारी सुट्टी तिसऱ्या तासानंतर असल्यास आणखी दोन. एकूण १७, आणि गरज आहे १८ ची. नऊ तासिका शिल्लक दिसत असतानाही एक गट प्रयोगशाळेबाहेर राहतो, आणि कितीही चांगले सॉफ्टवेअर लावले तरी तो आत येऊ शकत नाही. संगणक कक्षालाही हीच मोजणी लागू पडते.

यावरचा उपाय त्याच कागदावर दिसतो. मोठी सुट्टी पाचव्याऐवजी चौथ्या तासानंतर घेतली की दिवसाचे तुकडे दोन, दोन आणि चार असे पडतात. रोज चार जोडतास बसतात आणि आठवड्याचे २२ होतात. सुट्टी एका तासाने अलीकडे आणणे हा मुख्याध्यापकांचा निर्णय आहे, आणि तो घ्यावा की घेऊ नये याला पोषण आहारापासून एसटीच्या वेळांपर्यंत अनेक बाजू असतील. पण निर्णय घेणाऱ्यापुढे १७ आणि २२ हे दोन आकडे ठेवणे हे वेळापत्रक करणाऱ्याचे काम आहे.

चौथी मोजणी दिवसांची. अर्धवेळ शिक्षक सोमवार ते बुधवार येतात आणि चार तुकड्यांना गणिताच्या प्रत्येकी सहा तासिका घेतात. तीन दिवसांच्या २४ तासिका, काम २४ तासिकांचे. कागदावर बरोबर जुळले. परंतु ‘एका तुकडीला एका विषयाचा दिवसातून एकच तास’ ही अट लावली की त्यांना प्रत्येक तुकडीवर आठवड्यातून तीनच तास घेता येतात आणि बारा तासिका लोंबकळत राहतात. अशा वेळी त्यांच्याकडे चारऐवजी आठ तुकड्यांचा तीन-तीन तासांचा एखादा विषय द्यावा, किंवा त्यांच्यापुरते रोज दोन तास मान्य करावेत. विषयवाटप पक्के होण्याआधी हे लक्षात आले तर कोणाचेही मन दुखावत नाही.

वर्गशिक्षकाने रोज पहिला तास आपल्याच वर्गावर घ्यावा, ही हजेरीसाठी घातलेली अट अशीच तपासावी. पहिले तास आठवड्यात सहा असतात. मराठीच्या किंवा गणिताच्या शिक्षकाला त्या तुकडीवर सहा तासिका असतील तर अट पाळता येते. इतिहासाच्या तीन तासिका असणारा वर्गशिक्षक ती पाळूच शकत नाही. माझ्या मते हजेरी परिपाठाच्या वेळी घ्यावी आणि पहिल्या तासाची सक्ती काढून टाकावी. या एका अटीमुळे सगळे भाषा आणि गणिताचे तास सकाळी अडकतात आणि चित्रकला, शारीरिक शिक्षण व इतिहास दिवसाच्या शेवटाकडे ढकलले जातात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

सक्तीचे काय आणि शक्यतो काय

मोजणी झाली की अटी गोळा कराव्यात. प्रत्येक अट दोनपैकी एका रकान्यात लिहावी: मोडली तर शाळा चालणारच नाही ती सक्तीची, आणि मोडली तर गैरसोय होईल ती शक्यतोची. एका शिक्षकाचे दोन वर्ग एकाच वेळी येऊ नयेत, प्रयोगशाळेत एका वेळी एकच गट असावा, अर्धवेळ शिक्षक गुरुवारी नसतात, या सक्तीच्या झाल्या. गणित शक्यतो मोठ्या सुट्टीआधी असावे, सलग चार तास कोणाला नसावेत, शारीरिक शिक्षण जेवणानंतर लगेच नसावे, या शक्यतोच्या.

शिक्षकांच्या वैयक्तिक विनंत्या हा सर्वांत नाजूक भाग आहे, आणि तो मी मनापासून सांभाळत आलो आहे. शेवटची एसटी गाठायची असते, घरी आजारी माणूस असते, लहान मूल पाळणाघरात असते. ज्यांना बोलण्याची सवय असते त्यांच्या अडचणी पोहोचतात आणि जे गप्प राहतात त्यांच्या वाट्याला शनिवारचे आणि शेवटचे तास येतात. म्हणून सर्वांकडून लेखी विनंत्या मागवाव्यात, प्रत्येकाला तीनच मांडता येतील असे आधी सांगावे, आणि त्या महत्त्वाच्या क्रमाने लिहायला सांगाव्यात. तीनची मर्यादा घातली की माणूस स्वतःच ठरवतो की आपली खरी गरज कोणती आहे.

एके वर्षी मी हा भेद न करता सगळ्या विनंत्या सक्तीच्या म्हणून भरल्या. संगणक रात्रभर चालला आणि सकाळी जिथे अडकला होता तिथेच अडकलेला होता. दोष सापडायला दोन दिवस लागले. हिंदीचे तीन आणि संस्कृतचे एक हे चार शिक्षक आठवी, नववी आणि दहावीच्या मिळून नऊ तासिकांना एकाच वेळी मोकळे हवे होते. त्यांपैकी एक सोमवार ते बुधवारच येत होते, दुसऱ्यांना पहिले दोन तास नको होते, तिसऱ्यांना शेवटचे तीन. चौघांना सामाईक उरल्या त्या तीन दिवसांच्या तिसरा, चौथा आणि पाचवा या नऊच चौकटी, आणि त्यांपैकी एका चौकटीत चौथ्या शिक्षकांचे स्काउटचे काम नेमलेले होते. हव्यात नऊ, आहेत आठ. प्रत्येकाची विनंती एकेकटी पाहिली तर अगदी वाजवी होती. स्काउटचा तास शनिवारी हलवल्याबरोबर वेळापत्रक काही मिनिटांत बसले. तेव्हापासून, जिथे अनेक शिक्षक एकाच वेळी लागतात तिथे त्यांच्या मोकळ्या चौकटी एकमेकांवर ठेवून सामाईक किती उरतात, हे मी सर्वांत आधी मोजतो.

माहिती भरणे

साधने अनेक आहेत. मी ‘फेट’ वापरतो आणि नव्याने सुरुवात करणाऱ्या शाळेलाही तेच सुचवतो. ते मुक्त आणि मोफत आहे, रोमानियाच्या लिव्हियू लालेस्कू यांनी २००२ मध्ये त्याचे काम सुरू केले, आणि त्यात शिक्षकांची, विषयांची व तुकड्यांची नावे देवनागरीत लिहिता येतात, त्यामुळे छापील तक्ता थेट सूचनाफलकावर लावता येतो.

भरण्याचा क्रम दिवस आणि तासांपासून सुरू करावा, आणि इथेच एक गोष्ट जपावी: सुट्टी ही स्वतंत्र ओळ म्हणून मांडावी आणि त्या ओळीवर ‘सुट्टी’ची अट लावावी. आठ तासांना आठच ओळी केल्या, तर पाचवा आणि सहावा तास संगणकाच्या दृष्टीने सलग असतात आणि तो खुशाल मोठ्या सुट्टीवरून जोडतास टाकतो. ओळी दहा केल्या की हा प्रश्न येत नाही. सुट्टीची चौकट प्रत्येक दिवसासाठी वेगळी नेमता येते, त्यामुळे शनिवारची निराळी सुट्टी आणि शनिवारच्या उरलेल्या ओळी बंद ठेवणे हे दोन्ही याच अटीने साधते.

त्यानंतर विषय, शिक्षक, तुकड्या आणि तुकड्यांचे गट भरावेत. ‘दहावी अ’ या तुकडीखाली ‘दहावी अ-१’ आणि ‘दहावी अ-२’ हे गट केले की गटाचा तास आणि पूर्ण तुकडीचा तास एकमेकांवर येणार नाहीत, याची काळजी प्रणाली आपोआप घेते. मग एकेक काम भरावे: कोणता शिक्षक, कोणता विषय, कोणती तुकडी, आठवड्यात किती तास आणि ते कसे विभागायचे. सहा तासिकांचे गणित सहा सुटे तास म्हणून भरावे. प्रात्यक्षिक दोन तासांचे एक काम म्हणून भरावे. अ-१ चे प्रात्यक्षिक आणि अ-२ चा संगणकाचा तास यांना ‘एकाच वेळी सुरू’ ही अट लावावी. नावे भरताना लिखाण एकसारखे ठेवावे; ‘विज्ञान’ आणि ‘विज्ञान १’ असे दोन विषय चुकून तयार झाले, तर एका दिवसात दोन तास नकोत ही अट त्यांच्यात लागू होत नाही. यादी मोठी असेल तर ती आधी स्प्रेडशीटमध्ये करून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी यादी) स्वरूपात आत घ्यावी.

एकाच विषयाचे तास वेगवेगळ्या दिवशी पसरवण्याची अट फेट आपण काम भरतानाच सुचवते आणि तिचे वजन ९५ टक्के ठेवते. या टक्क्यांचा अर्थ समजून घ्यावा, कारण त्यांना ‘महत्त्व’ समजण्याची चूक होते. ९५ टक्के म्हणजे ती अट पाळून तास बसवण्याचा प्रयत्न सरासरी २० वेळा केल्यावरच प्रणाली तिचा हट्ट सोडेल. ५० टक्के म्हणजे सरासरी दोनच वेळा. १०० टक्के म्हणजे कधीच सोडणार नाही. त्यामुळे १०० चा आकडा जपून वापरावा.

प्रोग्रामिंग येणाऱ्या शिक्षकाला स्वतःची प्रणालीही लिहिता येईल. प्रत्येक शिक्षक-तासिका आणि प्रत्येक चौकट यांच्या जोडीसाठी ‘हो’ किंवा ‘नाही’ असा एक चल घ्यावा. ८५५ गुणिले ४५ म्हणजे ३८,४७५ चल होतात. गूगलच्या मोफत ‘ओआर-टूल्स’मधील सीपी-सॅट या सोडवणाऱ्या यंत्रणेला एवढे चल जड नाहीत. तरीही पहिल्या वर्षी हा मार्ग धरू नये, कारण छपाई, दुरुस्ती आणि तास कुलूपबंद करण्याच्या, म्हणजे बसलेला तास हलू नये असा जागेवर पक्का करण्याच्या, सोयी स्वतः लिहीपर्यंत जून संपून जातो.

चालवणे आणि अडकल्यावर शोधणे

सगळ्या अटी भरून एकदम चालवू नये. पहिल्या फेरीत फक्त सक्तीच्या अटी ठेवाव्यात. फेट अवघड कामे आधी हाती घेते, प्रत्येक काम योग्य जागी ठेवण्याचा प्रयत्न करते, आणि जागा नसेल तर आधी बसवलेली काही कामे उचलून त्यांना दुसरीकडे जागा शोधते. तक्त्यावर आपण पेन्सिलने जे करतो त्यासारखेच हे असते. फरक एवढाच की संगणकाला कंटाळा येत नाही. शाळेच्या आकाराचे, सक्तीच्याच अटींचे वेळापत्रक बहुधा काही मिनिटांत बसते. बसले की शक्यतोच्या अटी तीन-चारच्या गटांनी वाढवत जावे आणि प्रत्येक वेळी फाइल नव्या नावाने जतन करावी. ज्या गटानंतर संगणक अडकेल, दोष त्या गटात किंवा त्याच्या जुन्या अटींशी होणाऱ्या टकरीत आहे, हे लगेच कळते.

अडकल्यावर प्रणाली कोणत्या कामापाशी थांबली ते दाखवते. ते काम सहसा दोषी नसते. त्याच्याभोवतीची गर्दी दोषी असते. त्या कामाचा शिक्षक, तुकडी आणि खोली घेऊन कागदावर त्या तिघांच्या मोकळ्या चौकटी मांडाव्यात आणि वर दाखवली तशी मोजणी करावी. ‘आणखी थोडा वेळ चालू ठेवू, कदाचित बसेल’ हा मोह टाळावा. अर्ध्या तासात बसले नाही तर थांबवून मोजावे.

हाती आलेले वेळापत्रक तपासणे

बसलेले वेळापत्रक चांगलेच असेल असे नाही. चांगले म्हणजे काय याचा आकडा ठरवावा लागतो. २००७ च्या स्पर्धेत विद्यापीठीय अभ्यासक्रमांच्या विभागात एक सरळ रीत होती: एखाद्या विषयाचे तास ठरलेल्यापेक्षा कमी दिवसांत कोंबले, तर कमी पडलेल्या प्रत्येक दिवसाला पाच दंडगुण, आणि आगेमागे काहीही नसलेल्या एकाकी तासाला दोन. शाळेसाठीही असा दंडतक्ता करावा. शेवटच्या तासाला गणित आले तर किती, एखाद्या शिक्षकाला सलग चार तास आले तर किती, आठवड्यात शेवटचे तास चारपेक्षा जास्त आले तर किती. मग फेट पाच-सहा वेळा चालवावी, दर वेळी वेगळे वेळापत्रक निघते, आणि त्यांतले कमीत कमी दंडाचे निवडावे. नुसती बेरीज मात्र पाहू नये; प्रत्येक शिक्षकाचा दंड वेगळा काढावा. एकूण दंड साठ असून त्यातला अर्धा एकाच शिक्षिकेच्या वाट्याला आला असेल, तर ते वेळापत्रक मी नाकारतो आणि एकूण सत्तर पण सर्वांना थोडाथोडा असलेले घेतो.

शेवटी, लावण्याआधी, तीन तुकड्यांचे आणि तीन शिक्षकांचे तक्ते हातात घेऊन आठवडा मनाने जगून पाहावा. आठवी ब ची मुले मंगळवारी तिसऱ्या तासाला प्रयोगशाळेतून मैदानावर आणि तिथून तिसऱ्या मजल्यावर जाणार आहेत का? ही गोष्ट कोणत्याही अटीत लिहिलेली नसते, वाचणाऱ्या माणसालाच दिसते.

वर्षाच्या मध्यात

ऑगस्टमध्ये एखाद्या शिक्षिका प्रसूती रजेवर जातात, एखाद्यांची बदली होते, नवे शिक्षक दुसऱ्याच विषयाचे येतात. अशा वेळी संपूर्ण वेळापत्रक नव्याने काढणे सर्वांत सोपे आणि सर्वांत चुकीचे असते, कारण ८५५ पैकी सातशे तासिका बदलतात आणि मुलांची दप्तरे, शिकवण्या आणि शिक्षकांची घरची व्यवस्था सारे कोलमडते. कमीत कमी हलवाहलव करून नवे वेळापत्रक मिळवणे हा संशोधनातही स्वतंत्र विषय आहे. पर्ड्यू विद्यापीठाच्या वेळापत्रकासाठी टोमाश म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर काम केले, आणि त्यातून घडलेली ‘युनिटाइम’ ही मुक्त प्रणाली विद्यापीठांच्या उपयोगाची आहे. फेटमध्ये हे असे साधावे: चालू वेळापत्रकातील सर्व तास कुलूपबंद करावेत, बदललेल्या शिक्षकाचे तेवढे तास मोकळे करावेत आणि चालवावे. बसले नाही तर ज्या तुकड्यांवर परिणाम झाला आहे त्यांचे तास मोकळे करावेत, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर त्या तुकड्यांवरच्या इतर शिक्षकांचे. असे एकेक वर्तुळ वाढवत गेले की बदल सहसा तीस-चाळीस चौकटींत संपतो.

रोजचे बदली तास हा वेगळा प्रश्न असला तरी त्याची सोय वेळापत्रकातच असते. २७ शिक्षकांच्या १,२१५ चौकटींतून ८५५ वजा केल्या की ३६० मोकळ्या उरतात, म्हणजे प्रत्येक तासिकेला सरासरी आठ शिक्षक मोकळे असतात. प्रत्येक तासिकेचे हे मोकळे शिक्षक, आणि त्यांच्यापैकी कोण त्या इयत्तेला शिकवतात, याचा एक तक्ता छापून बदली तासांच्या वहीला चिकटवावा. सकाळी दोन रजेचे अर्ज आले की पर्यवेक्षकांना त्या तक्त्यावरून पाच मिनिटांत तास वाटता येतात.

शाळेला कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले असेल तर परीक्षेचे वेळापत्रकही याच धर्तीवर करता येते, मात्र तिथे अडचण विद्यार्थ्यांच्या विषयनिवडीची असते. विषयांच्या प्रत्येक जोडीसाठी ते दोन्ही विषय घेणारे विद्यार्थी किती, याचा चौकोनी तक्ता करावा. संख्या शून्य नसलेले विषय एका सत्रात ठेवता येत नाहीत; १९६७ मध्ये वेल्श आणि पॉवेल यांनी हाच प्रश्न आलेखाचे बिंदू रंगवण्याच्या रूपात मांडला (विषय म्हणजे बिंदू, टक्कर म्हणजे दोन बिंदूंना जोडणारी रेषा, सत्र म्हणजे रंग, आणि जोडलेल्या बिंदूंना एकच रंग द्यायचा नाही), आणि सर्वांत जास्त टकरी असलेला विषय आधी बसवण्याची त्यांची रीत आजही हाताने करताना उपयोगी पडते. दोन पेपरांमध्ये अंतर हवे असेल तर मायकेल कार्टर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये वापरलेला दंड घ्यावा: एका विद्यार्थ्याचे दोन पेपर लागोपाठच्या सत्रांत आले तर १६, एक सत्र सोडून आले तर ८, आणि पुढे ४, २, १.

या सगळ्याबरोबर एक साधी वही ठेवावी. संगणकातल्या प्रत्येक अटीसाठी तिच्यात एक ओळ असावी: अट कोणाच्या सांगण्यावरून घातली, सक्तीची की शक्यतोची, कारण काय, आणि ती कधी संपते. ‘मूल तीन वर्षांचे होईपर्यंत पहिला तास नको’ असे लिहिलेले असेल तर चौथ्या वर्षी त्या शिक्षिकेला विचारून ती अट काढता येते. लिहिलेले नसेल तर ती अट कोणाला आठवतही नाही आणि दहा वर्षे फाइलमध्ये तशीच राहते. जूनमध्ये नव्या वर्षाची फाइल उघडण्यापूर्वी ही वही घेऊन प्रत्येक ओळीवर बरोबर किंवा फुलीची खूण करावी, आणि त्यानंतरच जुनी फाइल नव्या नावाने जतन करून कामाला लागावे.